चार्ट एकदम क्लीन

केअर होममधला हा कूस बदलायचा चार्ट बघा. रात्री १०, १२, २, ४, ६, प्रत्येक वेळेपुढे टिक, आणि सगळ्या टिका एकाच पेनाने एका दमात मारल्यासारख्या. म्हणजे आजींची कूस दर दोन तासांनी बदलली म्हणे. मग माकडहाडावर ही जखम आली कुठून?

बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, एकदम एवढा होत नाही. आधी नुसता लालसर डाग असतो, बोटाने दाबला तरी फिका पडत नाही, ही पहिली स्टेज, इथे लक्ष गेलं तर बरंच काही वाचतं. नाही गेलं तर कातडी सोलवटते, मग जखम चरबीपर्यंत जाते आणि चौथ्या स्टेजला स्नायू नाहीतर हाडच दिसायला लागतं. तोपर्यंत स्पंज करणाऱ्याला काहीच दिसलं नाही? की स्पंजसुद्धा फक्त चार्टवरच होत होता?

बरं, हे काही नवीन शास्त्र नाहीये. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने १९६२ मध्येच हा धोका मोजायला साधा २० मार्कांचा स्कोअर दिलाय, १४ किंवा खाली आला की पेशंट धोक्यात. पेन आणि दोन मिनिटं, बास.

आता रात्रपाळीचा हिशोब करू. समजा ३० जण अंथरुणाला खिळलेले आणि अटेंडंट एकच. एकाची कूस बदलायला, ओला डायपर काढायला पाच मिनिटं धरली तरी १५० मिनिटं झाली, म्हणजे दोन तासांत राऊंड संपतच नाही, आणि वजनदार पेशंटला तर दोघं लागतात. म्हणून टिक मारली जाते. खोटी आहे हे त्या अटेंडंटला माहितीये, सुपरवायझरला माहितीये, आणि एकच माणूस ठेवून पगार वाचवणाऱ्या मालकाला तर सगळ्यात जास्त माहितीये, पण काही झालं की नोकरी जाते ती तिचीच.

पाण्याचंही तेच. म्हातारपणी तहान नीट कळत नाही, त्यात ग्लास हात पोचणार नाही असा ठेवलेला. आणि डिमेन्शियाचे आजोबा रात्री ओरडले की शांत करायची गोळी. या वयात डिमेन्शिया असताना असल्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००५ मध्येच दिलाय. घरच्यांना मात्र सांगतात, आता खूप शांत झालेत हो.

भेटायला जाल तेव्हा न सांगता जा, पांघरूण बाजूला करून टाचा आणि कंबरेखालचा भाग बघा. आणि अजून कुणाला ठेवायचंच असेल तर रात्री किती जणांमागे किती माणसं असतात ते आधी विचारा, गार्डन-बिर्डन नंतर बघू.