टेबलाखालचा डेस्कटॉप

[दृश्य: संगणक प्रयोगशाळा, पडद्यांच्या चार रांगा]

चार रांगा, चाळीस संगणक. सगळ्यांवर डेबियन, ही लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्कवरूनच बसवायचीय. एकालाही पेन ड्राइव्ह लावलेला नाही. यंत्र चालू झालं की नेटवर्क कार्ड आधी पत्ता मागतं, मग विचारतं: बूट फाइल, म्हणजे सुरुवातीला चालवायची फाइल, कुठून उचलू? नेटवर्कवरून असं सुरू होणं, हेच पीएक्सई.

[कॅमेरा खाली, धूळ बसलेला कॅबिनेट]

उत्तर देतो तो हा जुना डेस्कटॉप. यावर डीएनएसमास्क नावाचं छोटं सर्व्हर-सॉफ्टवेअर चालतं. कॅम्पसमध्ये पत्ते वाटायचा अधिकार एकट्या मुख्य डीएचसीपी सर्व्हरचा. दुसरा कुणी वाटायला बसला की इतरांचं इंटरनेट गेलंच. म्हणून डीएनएसमास्क इथं ‘प्रॉक्सी’ पद्धतीनं बसवलंय. पत्ता मुख्य सर्व्हरनं द्यायचा, यानं नुसतं बूट फाइलचं नाव सांगायचं. तरीही स्विचवर, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या पेटीवर, डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी सर्व्हरची उत्तरं अडवणारी तपासणी) चालू असेल तर हे उत्तर स्विचच टाकून देतो. नेटवर्क विभागाकडून तेवढं एक पोर्ट, म्हणजे या डेस्कटॉपची केबल लागते ती जागा, ‘ट्रस्टेड’ करून घ्यावं लागतं. हे काम लपूनछपून होत नाही, आणि करूही नये.

[जवळून: काळ्या पडद्यावर पांढरी ओळ]

‘पीएक्सई-ई५१’. डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. सगळे आधी केबल हलवून बघतात. पण पोर्ट जिवंत झाल्यावर स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचा वेढा टाळणारी स्विचची पद्धत, १५ आणि १५, अशी ३० सेकंदं वाहतूक अडवून धरते, आणि तोवर कार्ड विचारून दमलेलं असतं. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहण्याची सोय) चालू करायचं.

‘ई३२’ आलं, म्हणजे बूट फाइल मागूनही उत्तर नाही, तर फायरवॉल बघा. ती फाइल टीएफटीपी पद्धतीनं येते. त्यासाठी यूडीपी ६९ हे पोर्ट (इथं केबलची जागा नव्हे, नुसता क्रमांक) उघडून भागत नाही. फाइल वरच्या क्रमांकाच्या भलत्याच पोर्टवरून येते.

[डेबियनचा इन्स्टॉलर, टक्के पुढे सरकताना]

भाषा, कीबोर्ड, डिस्कची विभागणी: सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या प्रीसीड फाइलमध्ये. डिस्कचं नाव मात्र गृहीत धरू नका. जुन्या यंत्रात ती एसडीए असते, नव्यात एनव्हीएमई.

[लॉगच्या धावत्या ओळी]

खरी गंमत इथं आहे. ॲप्ट-कॅशर-एनजी, पोर्ट ३१४२: एकदा उतरवलेली सॉफ्टवेअरची पॅकेजं साठवून ठेवणारी कॅश. पहिल्या यंत्रानं मागितलेलं पॅकेज बाहेरून येतं, उरलेल्या ३९ यंत्रांना ते याच डिस्कवरून मिळतं. कॅम्पसच्या प्रॉक्सीचं, म्हणजे बाहेर इंटरनेटला नेणाऱ्या सर्व्हरचं, युजरनेम-पासवर्ड फक्त याच्या सेटिंगमध्ये. प्रीसीडमध्ये अजिबात नको, ती फाइल साध्या एचटीटीपीवरून कुणीही वाचू शकतं. रिपॉझिटरीचा, म्हणजे पॅकेजांच्या भांडाराचा, पत्ताही एचटीटीपीचाच द्यायचा, कारण कुलूपबंद एचटीटीपीएसमधून काय जातंय ते कॅशला दिसत नाही. पॅकेजांचा अस्सलपणा डिजिटल सहीवरून तपासला जातोच.

[लाल पट्टीचा पडदा, मग चिमट्यात धरलेला सेल]

तिसऱ्या रांगेतलं हे यंत्र अडलं. सर्व्हर ठीक, केबल ठीक. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, घड्याळ काही वर्षं मागं गेलंय. मग आजची सही ‘भविष्यातली’ ठरते आणि इन्स्टॉलर ती नाकारतो. बाहेरच्या वेळ-सर्व्हरला विचारावं तर त्यासाठी लागणारं यूडीपी १२३ बंद. प्रीसीडमध्ये कॅम्पसच्या आतल्या वेळ-सर्व्हरचा पत्ता घाला, आणि सेल बदला.

[रीबूट]

बायोसमध्ये नेटवर्क पहिलं ठेवलं असेल तर यंत्र पुन्हा इन्स्टॉलरलाच जाऊन भिडतं. म्हणून प्रीसीडच्या शेवटच्या आज्ञेत ते सर्व्हरला ‘झालं’ कळवतं, आणि सर्व्हर त्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाला) पुढच्या खेपेपासून स्वतःच्या डिस्ककडे धाडतो. सोमवारी इथं प्रॅक्टिकल आहे.

[चाळीस पडदे, एकामागून एक लॉगिन]