एलिमिनेशननंतर : बडोद्याची एक गायिका

[दृश्य : बडोद्याचा दांडिया बाजार भाग, सकाळ. जुन्या घराचा वरचा मजला. मोबाइलवर तानपुरा सुरू आहे.]

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एका फेरीला दोन-अडीच मिनिटं मिळतात. मुखडा, एखादा अंतरा, टाळ्या घेणारा वरचा सूर, आणि मग परीक्षकांपुढे हात जोडायचे. गाणं कुठलं, पट्टी कुठली, कपडे कुठले, हे ठरवायला माणसं असतात. नवरात्रात बडोद्याच्या मैदानावर मात्र गायकाला दोन-तीन तास गावं लागतं, रोज, सलग नऊ रात्री. समोर हजारो पावलं त्याच्या लयीवर पडत असतात. तिथं लय हलली तर कुणी गुण कापत नाही, गरब्याचा अख्खा गोल विस्कटतो.

ही फिल्म अशा एका गायिकेची आहे जिनं या दोन्ही परीक्षा दिल्या. ती हिंदी वाहिनीवरच्या स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचली आणि तिथून बाहेर पडली. तिचं नाव आम्ही घेत नाही, तशी तिची अट आहे. नावापुढे कार्यक्रमाचं नाव लागलं की लोक पुढचं ऐकत नाहीत, असा तिचा अनुभव.

[दृश्य : सूरसागर तलावाचा काठ. संगीत महाविद्यालयाची इमारत.]

सूरसागरच्या काठावरच्या या इमारतीत ती गाणं शिकली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गवई मौलाबक्षांनी 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढली, तिचाच वारसा आज विद्यापीठाची ही फॅकल्टी चालवते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकारानं भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 साली याच शहरात झाली. उस्ताद फैयाज खाँ इथलेच दरबारगायक. एकच गवई तासन्‌तास ऐकण्याची सवय या गावाला अशी जुनी आहे. स्पर्धेसाठी मुंबईला गेली तेव्हा ही सवय तिला अडचणीची वाटली होती. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, मुरलेल्या गळ्याला दोन मिनिटांत सगळं दाखवायला जमत नव्हतं.

स्पर्धेतून परतल्यावरचे पहिले काही महिने फोन थांबत नव्हते. साडीच्या दुकानाचं उद्घाटन, शाळेचं स्नेहसंमेलन, गणेश मंडळांच्या सुपाऱ्या. पण करारातल्या अटीमुळे ठरावीक मुदतीपर्यंत बऱ्याच ठिकाणी गाण्याआधी वाहिनीची परवानगी लागायची, आणि ती हातात पडेपर्यंत तारीख उलटून गेलेली असायची. मुदत संपली तोवर पुढचा सीझन सुरू झाला होता. पोस्टरवर नवे चेहरे आले, तिचं मानधन निम्म्यावर उतरलं. हे तिच्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. दरवर्षी नवे स्पर्धक आणणं हेच अशा कार्यक्रमांचं गणित आहे, आणि करारावर सही करण्याआधी ते प्रत्येक मुलामुलीला कुणीतरी समजावून सांगायला हवं. अठरा-वीस वर्षांच्या पोरांना करार वाचून दाखवणारं माणूस घरात क्वचितच असतं.

स्पर्धा हरलेल्यांचंही भलं होतं, याचा दाखला म्हणून सगळे अरिजित सिंगचं नाव घेतात. 2005 च्या 'फेम गुरुकुल'मध्ये तो अंतिम फेरीआधीच बाद झाला होता. पण पुढची वर्षं त्यानं स्टुडिओत काढली. संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग केलं, गाणं रेकॉर्ड कसं होतं ते आतून शिकला, आणि 2013 साली त्याचा आवाज घराघरांत गेला. मधल्या त्या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मराठीत 2008-09 च्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली, पण प्रथमेश, आर्या, मुग्धा आणि रोहित यांनाही लोकांनी आपलं मानलं, आणि 2021 साली हे पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. पाचही जण गात राहिले होते.

[दृश्य : तालीम. ढोल, तबला, कीबोर्ड. वहीचं पान.]

आता तिच्या वहीकडे बघा. प्रत्येक गरब्यापुढे पट्टी लिहिली आहे. स्पर्धेत ती काळी चारमध्ये गायची, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. इथं बहुतेक पानांवर काळी चार खोडून काळी तीन केलेलं दिसतं, म्हणजे पूर्ण एका स्वरानं खाली. हे तिच्या गुरुजींनी करायला लावलं. ते म्हणाले, "अगं, टीव्हीवर तू एक दिवस जिंकायला गायचीस. इथं नवव्या रात्री आवाज उरला पाहिजे."

पट्टी उतरवायची म्हणजे खालचे सूर भरीव हवेत, नाहीतर ढोलाखाली शब्द दबतात. म्हणून पहाटे खर्ज. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात एकेक सूर श्वास संपेपर्यंत धरायचा. गुजराती उच्चारांसाठी शेजारच्या काकींकडे बसायचं, कारण बडोद्याच्या माणसाला चुकीचा 'ळ' लगेच खटकतो. गाण्याला गाणं जोडताना लय कुठं चढवायची, हिंच हा गरब्याचा ठेका कुठं धरायचा, सलग खेळणाऱ्यांचे पाय दमले की कुठं उतरायचं, हे ढोलवाल्याच्या नजरेवर ठरतं. आणि झील धरणाऱ्या दोन मुली असतात, त्यांनी ओळ उचलली की तिला श्वासापुरती जागा मिळते. या दोघींना ती आपल्याबरोबर स्टेजवर पुढे उभं करते. मला तिची ही गोष्ट सर्वांत आवडली.

या नऊ दिवसांत घरी घट बसलेले असतात. संध्याकाळची आरती झाली की आई तिच्या हातात गरम पाण्याचा थर्मास देते आणि एकच सांगते, "दोन गाण्यांच्या मध्ये बडबड करू नकोस." गळा गाण्यापेक्षा ओरडून बोलण्यानं जास्त बसतो, हे आईला ठाऊक आहे. लाउडस्पीकरची मर्यादा एरवी रात्री दहाची. सणासाठी सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढ्या वेळात कार्यक्रम बसवायचा.

नवरात्रात गाणं म्हणजे स्पर्धेतल्या गायिकेची उतरण, असं तिला काही जणांनी तोंडावर ऐकवलं. मला हे अजिबात पटत नाही. नऊ रात्रींच्या मानधनावर तिचं घर वर्षातले कितीतरी महिने चालतं, वादकांचं चालतं, आणि तिचा श्रोता तिला टीव्हीवरच्या नावापेक्षा तिच्या गाण्यासाठी परत बोलावतो. पुढल्या वर्षीची बोलणी करायला आयोजक आले तेव्हा त्यांनी स्पर्धेचा विषयसुद्धा काढला नाही. "बेन, ते चौथ्या रात्रीवालं परत घ्या," एवढंच म्हणाले.

[दृश्य : छोटा स्टुडिओ. हेडफोन, माइक.]

उरलेल्या वर्षात ती स्वतःची मराठी गाणी करते आहे. इथं तिनं एक शहाणपण केलं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि 2013 पासून गायकांची स्वतःची हक्कसंस्था आहे. सादरीकरणावरचा हक्क 50 वर्षं टिकतो. त्यामुळे रेकॉर्डिंगआधी ती कागद करते : कवीचं नाव, संगीतकाराचं नाव, कुणाचा वाटा किती. कव्हर व्हिडिओंना लाइक भरपूर मिळायचे, पण त्या गाण्यांवर तिचा हक्क काहीच नव्हता. स्वतःच्या गाण्याला ऐकणारे कमी आहेत, पण ते गाणं तिचं आहे.

दसऱ्यानंतर ती काही दिवस गळ्याला पूर्ण विश्रांती देते. मग दिवाळी पहाटची तयारी. यंदा कार्यक्रमात पहिल्यांदाच दोन गाणी तिची स्वतःची आहेत. एक सुरुवातीला घ्यायचं की मध्यंतरानंतर, यावर तिचा आणि तबलजींचा वाद अजून मिटलेला नाही. तिला सुरुवातीलाच हवं आहे.