घूं, किंऽऽ, चर्र

(पडदा काळा. फक्त आवाज.)

घूंऽऽऽ.

गिटारला अजून कुणी हात लावलेला नाही. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, चालू आहे, फळीवर पाच पेडल, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायचे डबे, मांडलेत, आणि दहा बाय बाराची ही खोली स्वतःच घुमतेय. खोली पुण्यातली, पेडल माझे, आणि कपाळावरचा घामही माझाच. मे महिना आहे.

असा आवाज आला की आपण लगेच खाली बसतो आणि केबल हलवायला लागतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. हात लावायच्या आधी नीट ऐकायचं असतं, हे फार उशिरा कळलं. मराठीत आवाजांना शब्दांची कमी नाही. घूं, चर्र, किंऽऽ, सूं, खरखर, फट्. प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

(गिटारच्या पिकअपवर कॅमेरा.)

आधी घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. भिंतीतल्या वायरी, ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांभोवती त्याच गतीनं बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, म्हणजेच चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेली केसाइतकी बारीक तांब्याची तार. समोर गिटारची तार थरथरतेय की शेजारी ट्रान्सफॉर्मर, हे तिला कुठून कळणार? गिटार गळ्यात अडकवा आणि जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला घूं वाढते, दुसरीकडे जवळजवळ मरते. असं झालं तर पेडलना दोष देऊ नका. सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांची एकच गुंडाळी असलेल्या, पिकअपचा तो स्वभावच आहे. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो यावरच्या उपायाचा: दोन कॉइल, वेढे उलटसुलट, चुंबकही उलटसुलट. घूं एकमेकीला खाऊन टाकते, तारेचा सूर मात्र दुप्पट होऊन येतो. हाच हंबकर.

(फळी. एकेक पेडल बाजूला होतो.)

आता पेडल. सगळे काढा आणि गिटार सरळ ॲम्पला जोडा. शांत? मग एकेक पेडल परत लावत चला, प्रत्येक वेळी थांबा, ऐका. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला सापडलेला नाही.

माझ्याकडे चौथ्या पेडलला, डिजिटल डिलेला (सूर थोड्या वेळानं पुन्हा ऐकवणारा), किंऽऽ असा बारीक सूर निघाला, डास कानाशी यावा तसा. गंमत म्हणजे तो ऐकू यायचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारा पेडल, चालू केल्यावरच. पाचही पेडल एकाच अडॅप्टरवर, एकाच फाटे फुटलेल्या वायरवर. डिलेच्या आतली चिप आपल्या ठेक्यावर करंट ओढते, त्याचे झटके त्याच वायरीतून शेजाऱ्याच्या घरात शिरतात, आणि ओव्हरड्राइव्हचं कामच मुळी मिळेल ते मोठं करायचं. ओव्हरड्राइव्हला अडॅप्टरवरून काढून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. किंऽऽ गायब. म्हणजे पेडल चांगला, चूक शेजाराची. डिलेला वेगळा अडॅप्टर दिला, भागलं. पैसे असतील तर प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून तोडलेलं, आउटपुट देणारा पॉवर सप्लाय घ्या. या छंदातला सगळ्यात नीरस खर्च, पण नव्या पेडलच्या आधी करावा असा.

सूं येते गेनमुळे, म्हणजे सिग्नल जितका मोठा करू तितकी. ती थोडीफार राहणारच. नॉइज गेटनं, म्हणजे बारीक आवाज बंद करणाऱ्या पेडलनं, झाकता येते, पण गेट जोरात आवळला की लांबवलेल्या सुराची शेपटीही कापतो. खरखर बहुतेक वेळा जॅकची किंवा नॉबची असते, पावसाळ्यानंतर हमखास. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब दहा-वीस वेळा फिरवा, वाळू द्या.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. तारांना हात लावल्यावर चर्र कमी होत असेल तर घाबरू नका. तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या जिथे टेकतात त्या धातूच्या पट्टीतून, ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे तसं होतं. पण हाताला झिणझिण्या आल्या तर ॲम्प बंद करा आणि वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासा. घूं जावी म्हणून प्लगची जाडी, वरची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. ती पिन आवाजासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे.

(खोली. सगळे पेडल जागेवर.)

इतकं करूनही माझ्या खोलीत चर्र उरलीच होती. सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर तिसरी फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) दाबली, तर चर्र तिच्या किंचित वर. ती फ्रेट ९८ हर्ट्झची, म्हणजे चर्र १०० ची. विजेच्या एका आवर्तनात दोनदा काहीतरी कापलं जात होतं. अडॅप्टर बदलला, ट्यूब बंद केली, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला. शेवटी मान वर केली.

(भिंतीवरचा पंख्याचा रेग्युलेटर. नॉब दोनवर.)

जुन्या, ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरमध्ये तारेचा रेझिस्टर असायचा. तो तापायचा, पण गप्प असायचा. हा गोल फिरणारा डिमर जातीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा कापतो. पंखा दोनवर: चर्र. पंखा बंद: शांत.

(पंखा थांबतो. पाती दिसू लागतात.)

खिडकीही लावून घेतली, रस्त्यावरचे हॉर्न येतात म्हणून. टेक चौथा.