कापायच्या आधी ऐकायचं

मैत्रिणींनो, एडिटिंगच्या टेबलावर बायका पहिल्यापासून आहेत. मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये फिल्म कापायचं-जोडायचं काम बरंचसं मुलींकडे होतं, शिवणटिपणासारखं निगुतीचं म्हणून. आपल्याकडे १९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथूनच शिकलेल्या रेणू सलुजांना ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ या चार सिनेमांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अशा बायकांची नावं पाठ असू द्या, कारण पोस्टरवर ती सहसा ठळक दिसत नाहीत.

३५ मिलिमीटरच्या फिल्मला फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, आणि सेकंदाला २४. मिनिटाला ९० फूट. निगेटिव्ह कापणारीच्या हातात सुती मोजे असायचे आणि नजर काठावरच्या नंबरांवर. जोड सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या खास गोंदाने, बसायचा, त्यात शेजारची फ्रेम खराब व्हायची. एक काप चुकला की तो शॉट पुन्हा अखंड मिळत नसे.

आता चूक मागे घेता येते, म्हणून ढिलाई आली आहे. आपल्याकडे गोंधळ होतो तो बहुतेक आवाजात. मुलाखत मोबाइलवर शूट झालेली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, सारखा राहत नाही, कमी-जास्त होतो. सुरुवातीला चित्र-आवाज जुळवायला वाजवलेली टाळी जुळते आणि दहाव्या मिनिटाला ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे! म्हणून एडिटिंगला घेण्याआधीच फाइल ‘हँडब्रेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून २५ च्या स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या. सिंक, म्हणजे चित्र-आवाजाचा मेळ, सुरुवातीला तपासा आणि शेवटालाही तपासा. कार्डवरून कॉपी चालू असताना लाईट गेली तर अर्धी फाइल तशीच पडून राहते, नाव मात्र पुरं दिसतं. दोन्हीकडचा आकार जुळवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत.

आता लॉगिंग, म्हणजे शूट केलेलं पाहत-ऐकत त्याची नोंद लिहिणं. हे काम हलकं समजून असिस्टंट मुलीवर ढकलतात, आणि फिल्म घडते ती इथेच. धारूर-केजकडची एक ऊसतोड बाई कोपीसमोर, म्हणजे आपल्या झोपडीसमोर, बसून सांगते आहे, असं समजा: ‘यंदा मुकादमानं वीस कोयते नेले, उचल घेतली होती आम्ही.’ बाहेरून आलेला माणूस लॉगमध्ये लिहील, वीस कोयते, म्हणजे हत्यारं. कोयता म्हणजे जोडपं, नवरा-बायको मिळून एक, हे बीडच्या मुलीला सांगावं लागत नाही. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं गाव सोडून गेली. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, जे फेडेपर्यंत सुटका नाही. हे लॉगमध्ये चुकलं की सबटायटल चुकतं, आणि मग त्या बाईचं सगळं म्हणणंच चुकतं. म्हणून लॉगमध्ये टाइमकोड (फाइलमधली नेमकी वेळ), तिचे शब्द जसेच्या तसे, अर्थ आणि ती कुठं थांबली, एवढं लिहाच.

थांबणं विशेष जपा. उचलीचा आकडा सांगून ती गप्प होते, नजर खाली जाते, ओढणीच्या टोकाशी बोटं चाळवते. ती चार-पाच सेकंद रिकामी वाटतात आणि नवखा हात पहिला काप तिथंच घालतो. तो घालू नका. पुढचं चित्र आणायचंच असेल तर आधीच्या चित्राचा आवाज नव्या चित्रावर पुढे वाहू द्या. शांततेच्या जागी निव्वळ मुकेपणा टाकला तर कानाला खड्ड्यासारखा लागतो. तिथं त्याच जागेचा आवाज हवा. म्हणून शूटिंगला जाणाऱ्यांना बजावून ठेवा: मुलाखत संपली की कुणी हलायचं नाही, पंखा मुलाखतीत होता तसाच, आणि रेकॉर्डर आणखी मिनिटभर चालू.