वानखेडेवर मॅच बघायला येताय? शनिवार-रविवार दोन्ही हातात ठेवा

नमस्कार मंडळी! आयपीएलचं वेळापत्रक लागलं की नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडून एकच विचारणा होते: वानखेडेचं तिकीट कसं मिळेल? मग माणसं संध्याकाळी मुंबईत उतरतात, मॅच बघतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. मला याची खरंच हळहळ वाटते. वानखेडेपासून पायी फिरता येईल एवढ्या टापूत या देशाच्या क्रिकेटचा केवढा तरी इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा बघायला तिकीटही लागत नाही. शिवाय मध्ये बाजार आहेत, खाणं आहे, समुद्र आहे. म्हणून या व्हिडिओत मी मॅचबद्दल कमी आणि मॅचच्या आजूबाजूच्या दोन दिवसांबद्दल जास्त बोलणार आहे.

शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरा. स्टेशनची इमारत 1888 सालची, 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोर उभं राहून एकदा मान वर करून ती नीट बघा आणि मग चालायला लागा, कारण पाच-दहा मिनिटांवर आझाद मैदान आहे. त्याचा एक भाग आंदोलनांसाठी राखीव असतो, तो सोडून पुढे आलात की खेळपट्ट्या सुरू होतात. एक नाही, दोन नाही, वीसच्या वर. सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा डीप मिडविकेटचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटच्या क्षेत्ररक्षकाशेजारी उभा असतो. आपला चेंडू कुठला, आपला गोलंदाज कुठला, हे त्या पोरांना बरोबर कळतं. इतक्या गर्दीत, इतक्या आवाजात डोकं शांत ठेवून दिवसभर खेळायचं! मुंबईचा फलंदाज सहजासहजी विकेट का देत नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं. इथे बॅटिंगची पाळी मिळायलाच मारामार असते. मिळाली की ती सोडवत नाही.

याच मैदानावर फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद 349, सचिन तेंडुलकर नाबाद 326. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या डावात पुढचा फलंदाज पॅड बांधून नुसता बसून राहिला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. पुढे रणजी करंडकात त्याने धावांचे डोंगर रचले, भारताकडून मात्र एकही सामना खेळायला मिळाला नाही. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. आझाद मैदानाच्या कडेला उभे राहाल तेव्हा ही गोष्ट आठवा. पॅड बांधून बसलेल्या पोरांकडे वेगळ्याच नजरेने बघाल.

मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना. आत फक्त सभासदांना प्रवेश आहे, पण मैदान रस्त्यावरूनही नजरेस पडतं. भारतातला पहिला कसोटी सामना इथे झाला, डिसेंबर 1933 मध्ये. आपला कर्णधार सी. के. नायडू, इंग्लंडचा डग्लस जार्डिन. सामना आपण हरलो, पण लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच 118 धावा केल्या. भारताच्या फलंदाजाचं ते पहिलं कसोटी शतक.

इथेच आणखी एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पळवणकर बाळू. डावखुरा फिरकी गोलंदाज, चांभार समाजातला. पुण्यात असताना मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच्याबरोबर खेळायचे आणि चहाच्या वेळी त्याचा चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात यायचा. पुढे तो मुंबईला आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. एवढं करूनही, तेव्हाच्या धर्मावर वाटलेल्या संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते 1923 मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. आपल्या क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज म्हणून हे नाव प्रत्येक मराठी पोराला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जिमखान्याच्या समोरच फॅशन स्ट्रीट. फूटपाथला लागून कपड्यांच्या दुकानांची लांबच लांब रांग. मॅचच्या दिवसांत निळ्या जर्सीच सगळीकडे. भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा, शांतपणे, हसून. जर्सी घेताना पाठीवरचं नाव आणि नंबर अंगठ्याने घासून बघा. वरून चिकटवलेलं रबरासारखं छापकाम लवकर सुटतं. रंग कापडातच मुरलेला असेल तर टिकतो. भूक लागली असेल तर क्रॉस मैदानाजवळच्या खाऊ गल्लीत शिरा.

तिथून ओव्हल मैदान जवळच आहे. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, मधल्या हिरवळीवर क्रिकेट. या दोन्ही बाजूंच्या इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. हुतात्मा चौकाच्या बाजूला फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, तिथे जुनी क्रिकेटची पुस्तकं, खेळाडूंची चरित्रं सापडतात. वरवर बघून निघू नका, खालच्या थप्प्या काढायला सांगा.

आता माझा सगळ्यात आवडता बाजार. धोबी तलाव. मेट्रो सिनेमाच्या चौकाजवळ खेळाच्या सामानाची दुकानं एकाला लागून एक आहेत. कितीतरी पोरांची पहिली सीझनची, म्हणजे कडक चामड्याच्या चेंडूची बॅट इथून घरी गेली आहे. इथे घाई करायची नाही.

बॅट घ्यायची असेल तर आधी ठरवा, टेनिस बॉलने खेळणार की सीझन बॉलने. टेनिसची बॅट सीझनला वापरलीत तर ती फुटणारच. सीझनच्या बॅटमध्ये दोन लाकडं: काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो. काश्मीर विलो थोडी तपकिरी, जरा जड आणि खिशाला परवडणारी. इंग्लिश विलो पांढरट, हलकी, चेंडू जास्त उडवणारी आणि कितीतरी पट महाग. शिकणाऱ्या पोराला काश्मीर विलो पुरते, उगाच कर्ज काढू नका. बॅटच्या तोंडावर उभ्या रेषा दिसतात, त्यांना ग्रेन्स म्हणतात. ग्रेन म्हणजे झाडाचं एकेक वर्ष. सरळ आणि सारख्या अंतरावरच्या रेषा चांगल्या. खूप दाट ग्रेन्स असलेली बॅट पहिल्या दिवसापासून छान वाजते, पण ती लवकर थकते. मग पिकअप बघा, म्हणजे उचलताना बॅट हाताला किती जड लागते ते. बॅट हातात घ्या, स्टान्स घ्या, वरच्या हातानेच उचला. काट्यावर 1200 ग्रॅम भरणारी एखादी बॅट हाताला हलकी लागते आणि 1150 ची जड लागते, कारण वजन कुठे बसलंय यावर सगळं आहे. काट्यापेक्षा मनगटाचं ऐका.

आणि नवी बॅट घेऊन थेट मॅचला उतरू नका. तोंडाला आणि कडांना अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या, हँडलला आणि ते जिथे पात्यात बसवलंय त्या सांध्याला तेल लागू देऊ नका. मग लाकडी हातोडीने ठोकायला सुरुवात करा, आधी हलकं, मग जोर वाढवत, काही तास. त्याने लाकडाचे धागे दाबून घट्ट होतात आणि चेंडूचा मार सोसतात. त्यानंतर आधी जुन्या चेंडूवर कॅच-प्रॅक्टिस, मग नेट.

दमलात की तिथेच कयानीत जा. 1904 पासूनचं इराणी हॉटेल आहे. मावा केक आणि चहा. वेळ असेल तर क्रॉफर्ड मार्केटही चालत गाठता येतं, पण मॅचच्या दिवशी तिथली गर्दी अंगावर घेऊ नका.

दुपार उतरली की चर्चगेटकडे. आधी ब्रेबॉर्न, 1937 सालचं स्टेडियम. मुंबईचे कसोटी सामने आधी इथेच व्हायचे. पण ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि सामने भरवणारी मुंबईची क्रिकेट संघटना वेगळी. तिकिटांच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, विदर्भातले, विधानसभेचेही अध्यक्ष. त्यांनी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं करून दाखवलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला, वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 ठोकल्या. भांडणातून उभ्या राहिलेल्या त्या मैदानावरच 2 एप्रिल 2011 ला धोनीने विश्वचषक जिंकून देणारा षटकार मारला आणि नोव्हेंबर 2013 मध्ये सचिनने शेवटची कसोटी खेळली.

आत जाताना बॅग, पाण्याची बाटली, नाणी, पॉवर बँक आणू नका, गेटवरच अडवतील. शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा. तिकीट नाही मिळालं तर मरीन ड्राइव्हने उत्तरेकडे चालत जा. हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखान्यांची मैदानं रस्त्याला लागूनच आहेत. एके काळी मुंबईची सगळ्यात मोठी स्पर्धा धर्मावर वाटलेल्या संघांमध्ये व्हायची. 1940 मध्ये गांधीजींनी तिला विरोध केला आणि 1946 मध्ये ती थांबली. चांगलं झालं.

रविवारी दादर. निघण्यापूर्वी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ बघा, रविवारी तो बहुतेक असतोच. ब्लॉक असला तर भुयारी मेट्रो चर्चगेटहून दादरला आणून सोडते. लवकर पोचलात तर स्टेशनबाहेरचा फुलबाजार बघा, मग रानडे रोडवरून शिवाजी पार्क. हे मैदान 1925 सालचं. एकाच मैदानावर कितीतरी क्लबांची नेट्स, कडेच्या कट्ट्यावर आजोबा मंडळी, आणि त्या आजोबांना प्रत्येक पोराचं फूटवर्क माहीत. अजित वाडेकर, संदीप पाटील, सगळे याच मातीतले. सचिनचे गुरू आचरेकर सर इथेच शिकवायचे. सचिन दमला की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो गोलंदाज बाद करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. वांद्र्याहून रोजचा प्रवास नको म्हणून सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायचा. सरांचं स्मारक डिसेंबर 2024 मध्ये गेट नंबर पाचजवळ उभं राहिलं. तिथे जा, नमस्कार करा, मग सेनाभवनाजवळ प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घ्या.

आणि आयपीएलला जमलं नाही तर पावसाळ्यात या. 1948 पासून मुंबईत कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, मारलेला चेंडू चिखलात रुतून बसलेला. त्या पावसात टिकून राहिलेला फलंदाज पुढे कुठेही टिकतो. तुमच्यापैकी कुणी कांगा खेळलं असेल तर खाली लिहा, कुठल्या क्लबकडून आणि कुठल्या मैदानावर. मी प्रत्येकाला उत्तर देणार आहे.