शंभर टक्के, पण कशाचे?

नमस्कार मंडळी. मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीचं छोटंसं दुकान चालवते, 17 वर्षं झाली आता. आज बोलायचंय लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल, ती हळूहळू कशी कमजोर होते त्याबद्दल. आणि बॅटरी म्हटलं की मला आमचे गुरुजी आठवतात, त्यामुळे आधी गुरुजींचीच गोष्ट सांगते, बाकीचं तिच्यात येईलच.

गुरुजी म्हणजे गणिताचे रिटायर्ड शिक्षक, जवळच्याच तालुक्याच्या गावाला राहतात. मुलगा-सून बंगळुरूला, आणि नातू सात वर्षांचा. दर रविवारी रात्री आठला गुरुजी त्याला व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगतात, आणि लॅपटॉपवरच सांगतात कारण मोबाइलमध्ये पोराचं तोंड बारीक दिसतं. आता गावात रविवारी आठला लाइट असेलच याची काय खात्री, तर लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलचं, आणि गोष्ट अशी रंगात आलेली, वाड्याचा दरवाजा करकरत उघडतोय, आता भूत येणार, आणि तेवढ्यात स्क्रीन काळी. एकदा नाही, चार-पाच रविवार हेच. नातवाची तर खात्रीच पटली की आजोबा मुद्दाम करतात, भूत यायची वेळ झाली की फोन ठेवून देतात. तो रुसला. तेव्हा गुरुजी एसटीने लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले, पिशवीतून काढला आणि म्हणाले, पोरी, बॅटरी तर शंभर टक्के दाखवते, मग चाळीस मिनिटांत मान का टाकते?

मंडळी, हा प्रश्न मला आठवड्यातून दहा जण विचारतात, शंभर टक्के दाखवते मग टिकत का नाही. उत्तर आहे, ते शंभर टक्के कशाचे? ते नव्या बॅटरीचे नाहीत, आज तुमच्या बॅटरीत जेवढी जागा उरलीये तिचे शंभर टक्के आहेत. परत सांगते, उरलेल्या जागेचे.

मी गुरुजींसमोरच रिपोर्ट काढला. तुम्हीही काढा, विंडोज असेल तर पैसे लागत नाहीत की काही डाउनलोड करावं लागत नाही. सर्चमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून उघडायचं, त्यात टाइप करायचं पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ, आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजीत आणि बॅटरीरिपोर्ट एकच शब्द. एंटर मारलं की फाइल कुठे ठेवली ते खालीच लिहून येतं. त्या फाइलमध्ये दोनच ओळी बघायच्या, डिझाइन कपॅसिटी म्हणजे कंपनीतून आली तेव्हा किती होती, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतं. मॅकवाल्यांना हेच सेटिंगमध्ये बॅटरीत गेलं की दिसतं.

गुरुजींच्या लॅपटॉपचा आकडा आला डिझाइन 41,000 आणि फुल चार्ज 13,000. मी काही बोलायच्या आधीच गुरुजींनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, म्हणजे पायली भरलेलीच आहे, पण पायलीच सव्वा शेराची झालीये. मी 17 वर्षं लोकांना समजावतेय, इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. चार शेराची पायली, ती सव्वा शेराची झाली. काठोकाठ भरली तरी सव्वा शेरच!

मग मी विचारलं, गुरुजी, वापरता कसा? तर म्हणाले अगदी जपून. जपून म्हणजे तीन वर्षं चार्जर काढलाच नाही, कारण घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली ठेवायची असते, तर हिचंही तसंच असणार. लॅपटॉप गादीवर, आणि धूळ बसू नये म्हणून वरून काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर, चालू असतानाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यात खाली गादी, वर कव्हर, म्हणजे त्या बिचाऱ्या मशीनला दुपारभर गोधडीत झोपवल्यासारखं. आणि दर अमावास्येला, लक्षात राहावं म्हणून अमावास्या धरलेली, बॅटरी पूर्ण शून्यावर उतरवायची आणि मग भरायची, कारण कोणीतरी सांगितलं होतं की महिन्यातून एकदा उतरवली की बॅटरी ताजी राहते.

यातली प्रत्येक गोष्ट गुरुजींनी काळजीपोटी केली होती, आणि प्रत्येक गोष्ट बॅटरीला बाधली. इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी, तिच्यात शिसं आणि अ‍ॅसिड, तिला भरलेलं राहणं मानवतं. शून्यावर उतरवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा, तो लोकांच्या तोंडी राहून गेला. लॅपटॉपमध्ये असते लिथियम-आयन, जी 1991 मध्ये पहिल्यांदा बाजारात आली, आणि तिला तिन्हीचा त्रास, काठोकाठ भरून राहण्याचा, पूर्ण रिकामं होण्याचा आणि सगळ्यात जास्त उष्णतेचा. सगळ्यात जास्त उष्णतेचा. आत लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातं-येतं, त्यात थोडं थोडं वाटेत अडकून बसतं, तव्याला किटण धरतं ना तसा थर धरतो, आणि अडकलेलं लिथियम कामाचं राहत नाही. भरलेली आणि तापलेली बॅटरी असली की हा थर भराभर वाढतो. आणि अंतर्गत अडथळाही वाढतो, त्यामुळे तीस टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडते.

तर आम्ही हे बोलत होतो आणि मी रिपोर्ट बंद करायला टचपॅड दाबलं, तर दबेना. खालून कोणीतरी उचलून धरल्यासारखं. मी गुरुजींना विचारलं हे कधीपासून, ते म्हणाले दिवाळीपासून, जरा फुगल्यासारखं वाटलं म्हणून मी रोज रात्री त्यावर जाडा शब्दकोश ठेवतो, बसेल हळूहळू.

माझ्या पोटात गोळा आला. बॅटरी फुगली होती, आत गॅस धरला होता, आणि गुरुजी दोन-अडीच महिने रोज तिच्यावर वजन ठेवून शेजारच्या कॉटवर झोपत होते. चार्जर लावलेलाच. मी तिथल्या तिथे लॅपटॉप बंद केला, दुकानातल्या पोराला पंखा लावून लांब उभं केलं आणि मागचे स्क्रू काढले, हात थरथरत होते खोटं नाही सांगत, बघते तर तीन सेल पुरीसारखे टम्म. हे दोनदा सांगते, टचपॅड वर आलं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, झाकण नीट बसेना, तर चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. दाबू नका, टोचू नका. आणि ती जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर आग लागते, ई-वेस्ट घेणाऱ्यालाच द्यायची.

इथे मला एक बोलायचंच आहे. पूर्वी लॅपटॉपच्या बॅटरीला खाली खटका असायचा, सरकवला की बॅटरी हातात, फुगलेली कोणालाही दिसायची. आता सगळं स्क्रू आणि गोंदाने आत बंद, का तर पातळ दिसावं म्हणून. युरोपात कायदा झालाय, फेब्रुवारी 2027 पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत, तसा आपल्याकडेही व्हावा असं मला मनापासून वाटतं. आणि घरातल्या मुलींच्या हातात लहानपणीच स्क्रू ड्रायव्हर द्या, माझ्या वडिलांनी दिला म्हणून मी आज इथे बोलतेय.

हां, तर वेळ कमी राहिलाय, काय करायचं ते पटापट सांगते. लॅपटॉप कायम चार्जरवरच असतो तर कंपनीच्या सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर थांबवायची सोय बघा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, चालू करा. रोजच्या वापरात वीसच्या खाली फार जाऊ देऊ नका. गादीवर, उशीवर ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही. महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर अर्धा भरून ठेवा. आणि इतकं करूनही बॅटरी कमजोर होणारच, नुसती पडून राहिली तरी होते, साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज होण्याएवढा वापर झाला की तिची जागा नवी असतानाच्या ऐंशी टक्क्यांवर येते, काहींची 1,000 पर्यंतही जाते. आज पन्नास टक्के वापरली, भरली, उद्या पन्नास वापरली, तर दोन्ही मिळून एकच फेरी धरायची. त्यामुळे सारखा चार्जर लावल्याने फेऱ्या संपतात ही भीती काढून टाका.

गुरुजींना मी नवी बॅटरी बसवून दिली. पुढच्या रविवारी लाइट गेली, भूत वाड्यात शिरलं, सगळ्या खोल्या फिरलं आणि विहिरीत जाऊन बसलं, तरी लॅपटॉप चालूच. अमावास्या गुरुजींनी सोडली नाही, पण आता ते बॅटरी उतरवत नाहीत, रिपोर्ट काढतात आणि दोनशे पानी वहीत तारीख घालून आकडा लिहितात. सुरुवातीला 41,000 होता. चौदा महिने झाले, परवा फोन आला होता, म्हणाले पोरी, 38,400. पायली अजून पावणेचार शेराची आहे.