घरचा पाहुणा उठेना

नमस्कार श्रोतेहो.

अटक मटक चवळी चटक,
चवळी झाली गोड गोड,
जिभेला आला फोड फोड,
फोड काही फुटेना,
घरचा पाहुणा उठेना!

या शेवटच्या ओळीवर माझा फार जीव आहे. पाहुणा मुक्काम ठोकून बसला, तरी मोठी माणसं तोंड उघडत नाहीत. पुन्हा चहा टाकतात, वर ‘राहा हो आणखी दोन दिवस’ असा आग्रह करतात. पोर मात्र अंगणात टाळ्या पिटत सगळं सांगून मोकळं! त्याला कोणी रागवतही नाही, कारण ते गाणं असतं. मोठ्यांच्या देखत खरं बोलायची एवढी सूट मुलांना दुसरीकडे कुठे मिळते?

आणि ते पावसाचं बघा. पावसाला पैसा देऊ केला, तोही खोटा निघाला, तरी पाऊस मोठा आला. आपल्या गोव्यात जूनमध्ये पावसाला बोलवावं लागत नाही, तो न सांगता दारात हजर असतो. पण पागोळ्यांखाली हात धरून मुलं ते म्हणणारच.

ही गाणी कोणी रचली, कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तर ज्याच्या तोंडी बसली त्याची झाली. ‘भटो भटो, कुठे गेला होता?’ ‘कोकणात.’ ‘कोकणातून काय आणलं?’ ‘फणस.’ ‘फणसात काय?’ ‘गरे.’ ‘गऱ्यात काय?’ ‘आठळी.’ आता आपल्याकडचं एखादं पोर इथे आठळीला ‘बिकण’ म्हणालं, तर म्हणू द्या की! ताल कुठे मोडतो? घरात कोंकणी, वर्गात मराठी, कार्टूनमध्ये हिंदी, अशी आपली मुलं वाढतात. त्यांच्या गाण्यात या सगळ्याची सरमिसळ व्हायचीच. शिगमो आला की ढोलाचं ‘घणचे कटर घण’ तोंडानं वाजवत गावभर धावणाऱ्या मुलांना त्याचा अर्थ कोण विचारतं?

स्नेहसंमेलनात हीच गाणी रंगमंचावर येतात. मुलांना रांगेत उभं करतात, पुढे माईक, प्रत्येकाचा हात ठरल्या क्षणी वर. मला ते बघवत नाही. ‘अरिंग मिरिंग लवंग चिरिंग’ हे जमिनीवर कोंडाळं करून खेळायचं. सगळ्यांचे पंजे पालथे, बोटं पसरलेली. एक जण शब्दागणिक एकेका बोटाला टोचत जाणार. शेवटचा शब्द ज्या बोटावर पडेल ते दुमडायचं. मग कोणीतरी हळूच बोट सरकवतो, दुसरा ओरडतो, ‘रडीचा डाव! रडीचा डाव!’ आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. हा गोंधळ काढून टाकला, तर मागे नुसते शब्द उरतात.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून असा गलका ऐकू आला, तर छडी आपटू नका. आणि घरच्या आजी-आजोबांनो, आज जेवणं झाली की नातवंडांना जवळ घ्या, मोबाईल बाजूला ठेवा, पंजे जमिनीवर पालथे टाका. ओळ विसरलात तर हवी ती घाला. मुलं ती लगेच उचलतील, आणि उद्या शाळेत नेतील.

नमस्कार.